शांत खोली, माझ्या नावावर

३ मार्च, सकाळी
ज्यांचा मेंदू वेगळ्या पद्धतीनं चालतो अशा विद्यार्थ्यांच्या मदत कक्षाचा प्रमुख म्हणून प्राचार्यांनी मला नेमलं. योग्य माणूस निवडला. त्यासाठी ही नवी वही. जुन्या सहा आमची ही, म्हणजे बायको, शोधते आहे.

४ मार्च
तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. मोठ्या हॉलमध्ये पंख्यांची घरघर, बाकांची करकर, तिचं डोकं बंद पडतं. गेल्या वर्षी पेपर अर्धा टाकून उठली. यंदा उठली तर वर्ष वाया. शांत खोली आणि जादा वेळ हवा. अर्ज माझ्या सहीनं १४ तारखेला पाचच्या आत परीक्षा विभागात जायला हवा. म्हटलं, झालंच समज. तिनं विचारलं, म्हणजे नक्की किती वाजता? संयम शिकवायला हवा.

७ मार्च
अर्जाचा नमुना म्हणून स्वतःचीच माहिती भरली. वस्तू हरवतात का? हो. कामं अर्धवट राहतात का? हो. आवाजानं लक्ष उडतं का? हो, पण तो लोकांचा दोष. बावीसपैकी एकवीस हो. हिनं वाचलं आणि पुन्हा वह्या शोधायला गेली. प्रश्नावलीच सदोष आहे. कळवायला हवं.

१० मार्च
कक्षातल्या मुलांच्या कौतुक सोहळ्याची तयारी. बॅनरचा रंग ठरवण्यात दिवस गेला. केबिनच्या दारावर मुलीची चिठ्ठी: सर, चार दिवस. दुसरी कपाटावर. तिसरी माझ्या डब्यात. तिनं हिला फितवलेलं दिसतं.

१४ मार्च, ४.५०
अर्ज दिला. मुदतीच्या दहा मिनिटं आधी. नियोजन म्हणतात ते हे.

१९ मार्च
पत्र आलं. खोली ११, तासाला वीस मिनिटं जादा, मंजूर. माझ्या नावानं. नमुनाच दिला गेला. तिचा अर्ज बॅनरच्या गुंडाळीत निघाला. क्लार्क म्हणाला, मुदत संपली. तिला सांगितलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, खोली तर मिळालीय, सर.
प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, तुम्ही आत बसणार असाल तर तिलाही बसू दे. जादा वेळ मात्र अर्जदारालाच.

२४ मार्च, दुपारी
खोली ११. ती पेपर लिहायला, मी समोर उत्तरपत्रिका तपासायला. तीन तासांत चाळीस उरकणार होतो. तीन तासांनी तिनं शेवटचा प्रश्न संपवून पुरवण्या बांधल्या. माझ्या चार झाल्या होत्या.
मी गठ्ठा आवरायला लागलो. ती दारातून हळू आवाजात म्हणाली, उठू नका सर, तुमच्याकडे अजून एक तास आहे.
बसलो. आणखी दोन झाल्या.