न सांगितलेला निरोप

प्रिय ताई,

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. फोनवर मी तुमच्याशी कधी धड चार वाक्यं बोलले नाही. बऱ्या आहात ना, देते हं त्याला, एवढंच म्हणून फोन तुमच्या भावाच्या हातात देत आले. मुलगी लाजाळू आहे असं तुम्हाला वाटलं असेल. मी मुळीच लाजाळू नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर अनोळखी माणसांच्या नाकावर चष्मे चढवत असते, बोलून बोलून घसा बसतो. तुमच्याशीच तेवढं बोलवत नव्हतं, आणि का, ते आज लिहिणार आहे. हे पत्र तुमचा भाऊच तुम्हाला देईल. तो काही बोलायच्या आत वाचा.

आमचं घर तुम्ही अजून पाहिलेलं नाही, निदान प्रत्यक्ष तरी. फोनवर मात्र माझ्याआधी पाहिलंत. किल्ली मिळाली त्या दिवशी तीन जिने चढून मी धापा टाकत दारात पोहोचले, हातात भांड्यांचं खोकं, आणि तुमचा भाऊ फोन उंच धरून आत शिरलेला. ही बघ बाहेरची खोली, हे स्वयंपाकघर, ही खिडकी. ओट्यावर उजेड कुठून येतो ते तुम्ही विचारलंत, मोरीचा उतार विचारलात. मी आत येईपर्यंत पलंग कुठल्या भिंतीला लावायचा आणि चमचे कुठल्या खणात ठेवायचे, हे दोघांचं ठरूनही गेलं होतं. चमचे अजून तिथेच आहेत. आणि लग्नाला पाच महिने झाले तरी माझा हात अजून वरच्याच खणाकडे जातो.

मग सगळीकडे तुम्हीच दिसायला लागलात. मी टॉवेल दुमडून ठेवला की तो काही न बोलता पुन्हा तीन घड्यांचा करतो. बटाटे मी बारीक चिरले तर म्हणतो, छान झालेत, पण त्या 'पण'च्या पुढे कोण उभं असतं ते मला कळतं. रोज संध्याकाळी साडेसात वाजता, लिफ्टच्या ग्रीसने काळे झालेले हात धुतले की त्याचा पहिला फोन तुम्हाला. दिवसभरात कुठली लिफ्ट कुठे अडकली, आत कोण सापडलं, त्याने बाहेर कसं काढलं, हे सगळं मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकते. मला सांगतो तेव्हा ती गोष्ट दुसऱ्यांदा सांगितलेली असते. सहा फूट उंच माणसाला तुम्ही 'ठेंगू' म्हणता आणि तो लहान मुलासारखा हसतो. एकदा मीही म्हणून पाहिलं. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं, जणू मी कुणाचा तरी कोट न विचारता घातला होता.

मी चार बहिणींत धाकटी. फ्रॉक, दप्तर, सायकल, अगदी चपलासुद्धा तिघींच्या पायांतून उतरून माझ्यापर्यंत आल्या. लग्न ठरलं तेव्हा वाटलं होतं, हे एक माणूस तरी कोरं करकरीत, फक्त माझं. आणि तेही आधी कुणीतरी वापरून, धुऊन, नीट घडी घालून दिलेलं निघालं. हसू नका. किंवा हसा, मलाही लिहिताना हसू आलं.

तुम्ही त्याच्यासाठी काय केलंत ते मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि तुम्ही सतरा. कॉलेज सोडून शाळेचे गणवेश शिवत त्याला वाढवलंत. हे तो कधी बढाईने सांगत नाही, त्यामुळे जास्तच टोचतं. तुम्ही वाईट असतात तर सोपं झालं असतं. खडूस नणंद म्हणून बहिणींपाशी गाऱ्हाणी केली असती आणि मोकळी झाले असते.

पडद्यांचंही सांगूनच टाकते. मी पिवळं कापड आणून ठेवलं होतं, शिवायला द्यायचं होतं. तेवढ्यात तुमचं पार्सल आलं, निळे पडदे. त्याने स्टुलावर चढून खिडकीचं माप तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, माझ्या पाठीमागे. ते लावले तर इकडेतिकडे सुताचाही फरक नाही. एखादं बोट तरी चुकायला हवं होतं तुम्ही. पुढच्या आठवड्यात ते मी कढत पाण्यात धुतले, आखडतील म्हणून. आखडले नाहीत. कापडही तुम्ही चांगलंच निवडता.

आता मंगळवारचं. सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होते आणि तुमचा फोन माझ्या नंबरवर आला, पहिल्यांदाच. तुम्ही म्हणालात, "अगं, परवा माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे, काढायचीय. त्याला एकदम सांगू नकोस, घाबरेल. जेवण झालं की शेजारी बसवून सांग. तुला जमेल ते." मी हो म्हटलं. काळजी घ्या असंही म्हटलं. त्या क्षणी मला तुमची काळजी वाटली नाही, ताई. मनात आलं ते एवढंच, की गुरुवार-शुक्रवार त्याने रजा काढली आहे, लग्नानंतरची पहिली. दोघांनी मिळून आतली खोली रंगवायची होती. रंग माझ्या पसंतीचा होता.

त्या संध्याकाळी तो जेवला. मी त्याच्या शेजारी बसले, आणि दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. बुधवारी तुम्ही फोनवर त्याच्याशी बोललात, पण तुमच्या तोंडून तसलं काही निघालं नाही. मी त्याला सांगितलं असेल आणि तो उगाच धीर धरून बोलतोय, असं तुम्ही समजलात का? गुरुवारी तो शीळ घालत भिंत रंगवत होता आणि मी घड्याळाकडे पाहत होते. आता आत नेलं असेल. आता झालं असेल. संध्याकाळी तुमचा फोन लागला नाही. तो म्हणाला, शाळा सुरू होतायत, गणवेशांची घाई असेल. मी म्हटलं, असेल. शुक्रवारीही लागला नाही तेव्हा तो ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, उद्या जाऊन येऊ का? मी म्हटलं, येईल फोन.

आज शनिवारी सकाळी, कामावर जाण्याआधी तो राहिलेला कोपरा रंगवत असताना, मी जिन्यात जाऊन तुम्ही मंगळवारी दिलेल्या नंबरवर दवाखान्यात फोन केला. नर्सबाई म्हणाल्या, बऱ्या आहेत, नळी काढली, दहा पावलं चालल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही भावजय का? त्या सांगत होत्या, भाऊ कामात अडकला असेल, नाहीतर आल्याशिवाय राहिला नसता." तुम्ही त्याला सांभाळून घेत होतात, आणि त्याच्याआडून मलाही, नकळत.

वर येऊन सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. ब्रश पाण्यात ठेवला, हात धुतले, आणि विचारलं, "एकटी होती?" मी हो म्हटलं. आता पलीकडे पिशवी भरतोय. मीही येते म्हटलं तर नुसती मान हलवली, नको म्हणून. पत्र मात्र नेईन म्हणाला.

मी माफी मागते, पण त्यासाठी हे लिहिलेलं नाही. ती समोर येऊन मागेन, तुम्ही बोलवाल तेव्हा. लिहिलं ते एका विनंतीसाठी. तुमच्याजवळ बसला की तो सगळं सांगेल, आणि तुम्ही म्हणाल, जाऊ दे रे ठेंगू, पोर आहे ती. तुम्ही म्हणालात की तो जाऊ देईल, मला खात्री आहे. तेवढं म्हणू नका, ताई. त्याला रागावू द्या. मला माफ करायचं की नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्या, कितीही दिवस लागोत. ते तरी तुमच्या हातून माझ्याकडे यायला नको.

तुमचीच,
भावजय