चालत्या गावाचा आराखडा

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना असते. गावाच्या मध्यभागाचा आराखडा माझ्याकडे आलाय. खाली दुकानं, वर घरं, मधे ऑफिसं आणि सगळीकडे पायी जाता येईल असं गल्ल्यांचं जाळं. घोषवाक्यही तयार: माणूस कुठूनही कुठेही जाईल, गाडी कुठेच जाणार नाही. वा! आराखडा पास झाला की मी नगररचना खात्याचा प्रमुख. प्रमुखाला ऑफिसच्या दाराशी, छपराखाली, पाटी लावलेलं पार्किंग मिळतं. मला अर्थात त्याचा मोह नाही. सहज लिहून ठेवलं.

संध्याकाळ
बायको म्हणते, आधी स्वतः त्या गल्ल्यांतून एकदा चालून तरी बघा. हिला प्लॅनिंगमधलं काय कळतंय! सर्जन आधी स्वतःचं पोट फाडून बघतो का? तरी उद्यापासून ऑफिसला पायी जायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

५ मार्च
बूट नवे. चावतात. गाडीने गेलो.

६ मार्च
बूट ठीक. ऊन फार. गाडीने.

९ मार्च
साइट व्हिजिट. सगळ्या गल्ल्या गाडीतून बारकाईने पाहिल्या. एकीत दोन्हीकडचे आरसे घासले, म्हणजे रुंदी चालणाऱ्यांना अगदी योग्य आहे. फळवाली अंगावर ओरडली. लोकसहभाग म्हणतात तो हाच.

१२ मार्च
चौकात प्रयोग करायला मंजुरी! चारही तोंडांना लोखंडी खांब, काँक्रीटमध्ये पक्के. आगीच्या बंबासाठी एक तरी खांब काढता येण्याजोगा ठेवू का, असं कंत्राटदार विचारत होता. म्हटलं, एकाला सूट दिली की सगळेच शेफारतात. आत गाडी कुणाचीही असो, माझा बाप आला तरी काम थांबता कामा नये. त्याने मान डोलावली.

१६ मार्च, दुपार
खांबांवर देखरेख करायला जातीने गेलो. गाडीनेच. साहेबाचा वेळ वाचला पाहिजे. चौकाच्या मधोमध लावली. काम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून समोरच्या न्हाव्याकडे डोक्याला मालीश. डोळा लागतोय न लागतोय तोच कंत्राटदार कानाशी, साहेब, ती गाडी... वगैरे. पुढे ऐकूनच घेतलं नाही. कुणाचीही असो, थांबायचं नाही, म्हणून हाकलून दिला. माणूस आज्ञाधारक आहे.

संध्याकाळ
नको तेवढा आज्ञाधारक आहे.

१७ मार्च
गाडी चौकात अडकली, खांब हलत नाहीत. मीच सांगितलेलं काँक्रीट! कंत्राटदार म्हणतो, आता तोडायला समितीचा ठराव हवा. आणि आराखडा पास करणारी तीच समिती परवा पाहणीला येणार, पायी. माझं पद गेल्यात जमा. बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली, मग स्वतःच्या आईला फोन लावून पुन्हा पहिल्यापासून हसली.

१९ मार्च
समिती आली. अध्यक्षबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ही गाडी इथे कशी? मग देवानेच बुद्धी दिली. म्हटलं, मॅडम, हे स्मारक आहे. संपलेल्या गाडीयुगाचं. मुद्दाम ठेवलंय. टपावर दोन कबुतरं होती, त्यांनीही आपापल्या परीने हातभार लावला. बाई भारावल्या. आराखडा जागच्या जागी पास! एकच अट: गाडी कायमची तिथेच राहील, भोवती बाकं आणि फुलझाडं. ठरावाला सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. लोकांना वाटलं, आनंदाने.

२१ मार्च
दुसऱ्या गाडीचा विषय काढला. बायको म्हणाली, घोषवाक्य मोठ्याने वाचून दाखवा. नाही दाखवलं.

२३ मार्च
प्रमुख झालो. घरून ऑफिसला पायी आलो. वाटेत बसायला कुठे काही नाही, हा आराखड्यातला दोष आजच लक्षात आला. दाराशी पोचलो तर काय, छप्पर तयार, खाली नवी कोरी पाटी: 'प्रमुख, नगररचना'. ऊर भरून आला. गाडी नसली म्हणून काय झालं, जागा तर आपली. सावलीत जाऊन ऐटीत उभा राहिलो.
पहारेकरी धावत आला. त्याने मला आजवर गाडीच्या काचेआडूनच पाहिलेलं. म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा, इथे मोठ्या साहेबांची गाडी यायचीय.
झालो बाजूला.