घाण्याचं तेल आणि सायलीच्या गाठी

१४ मे २०२५
रिपोर्ट आला. सायलीचं कोलेस्टेरॉल ३७४. जानेवारीत ३६८ होतं. म्हणजे उतरलं नाहीच, वर सरकलं! दीड वर्ष तूप बंद, अंडं बंद, मटण बंद. भाजीला फक्त आपल्या लाकडी घाण्याचं करडीचं तेल. शाळेच्या डब्यात भिजवलेले शेंगदाणे अन् जवसाची चटणी — थोरल्या सत्यमला भरतीच्या तयारीत द्यायचो, तोच डबा. लॅबचीच चूक असणार.

१७ मे
दुसऱ्या लॅबमध्येही तेच.

ही म्हणाली, "चौदा वर्षांची पोर. एक चमचा तूप पडू द्या की तिच्या पोटात." मी ओरडलो — सत्यमचं विसरलीस? ती उठून आत गेली.

विसरलं कोण आहे! एकोणीसचा होता. मैदानावर पळता पळता पडला, तो उठलाच नाही. हृदयाच्या नळ्या बुजल्या होत्या म्हणे. त्याला मटण लई आवडायचं. तेच भोवलं, हे मी तेव्हाच ठरवलं.

दहावी नापास माणूस मी. पण शब्दकोश घेऊन बसलो अन् या विषयावर हाती लागलं ते सगळं वाचलं. तेलबियांत कोलेस्टेरॉल नसतं. फायटोस्टेरॉल असतं, अन् ते आतड्यात कोलेस्टेरॉलची वाट अडवतं. ही अक्षरं रंगवून घेतलेली पाटी घाण्याबाहेर लावली आहे. अख्ख्या गारखेड्यात अशी पाटी दुसऱ्या कुणाची नाही.

२ जून
सायलीच्या कोपरावर गाठी. पिवळट, हरभऱ्याएवढ्या. टाचेच्या शिरेवरही. सत्यमलाही होत्या — जोर मारून घट्टे पडले, असं आम्ही म्हणायचो.

नवीन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी गाठी दाबून बघितल्या. "लग्न नात्यातलं का तुमचं?"
मामाची पोरगी, म्हटलं. आमच्यात चालतं.
रक्त बाहेरगावी पाठवू म्हणाल्या. वनस्पतीचं स्टेरॉल वेगळं मोजायचं. मी म्हटलं, मॅडम, ते तर चांगलं असतं. वाचलंय मी.
"तुमच्यामाझ्यासाठी चांगलं असतं."

२१ जून
निकाल आला. समजला तसा लिहितो. चूक नको.

कोलेस्टेरॉल शरीराला लागतं. जास्त झालं तर यकृत त्याचं पित्त बनवतं, काही तसंच पित्तातून आतड्यात सोडतं. वनस्पतीचं स्टेरॉल शरीराला नको असतं. आतडं ते बहुतेक आल्या वाटेनं परत लावतं. थोडं शिरलंच, तर यकृत पित्तातून हाकलतं. दोन्हीकडं दार एकच जातीचं. ते दार आईकडून बिघडलेलं आलं अन् बापाकडूनही बिघडलेलंच आलं, तर माल आत येतो अन् आतच राहतो. यकृताला त्याचं पित्तही धड करता येत नाही. मग साचतो. रक्तात, कातडीखाली, हृदयाच्या नळ्यांत. अन् साधी लॅब त्यालाही कोलेस्टेरॉल म्हणूनच मोजते!

मी विचारलं, "तेल?"
"तेलातच सगळ्यात जास्त. शेंगदाणे, तीळ, जवस, सगळं थांबवा."
"घाण्याचं असलं तरी?"
"रिफाइंड करताना थोडं तरी निघून जातं. घाण्याचं असलं तर जास्तच."

२२ जून
पाटी उतरवली.

२७ जून
सायलीच्या हृदयाची तपासणी झाली. नळ्या मोकळ्या! गोळी सुरू केली. बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगता तेवढं हिच्या पोटात रोज गेलं असतं, तर आकडे याच्यापेक्षा वाईट यायला हवे होते."

रिक्षात सायली मुसमुसायला लागली. "पप्पा, रागावणार नाही ना?"
नाही, बोल.
"डबा मी शाळेमागं बकऱ्यांना घालायचे. रोज. चटणी कडू लागायची."
हिच्याकडं बघितलं. ही म्हणाली, "मीच म्हणलं होतं तिला, टाकून दे. बापाला कोण समजावणार?"

मला हसू आलं. खरंच आलं. रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. दीड वर्ष माझ्याच घरात मला फसवलं दोघींनी! पोरीचं डोकं छातीशी धरून बसलो.

२८ जून
सत्यमचा डबा रोज रिकामा यायचा. चाटूनपुसून. मी सायलीला त्याचं उदाहरण द्यायचो.