अडीच वेढे

बार्रियो दे ला कान्तेरा, हालापा
९ फेब्रुवारी

परम आदरणीय कोंपाद्रे वेन्सेस्लाओ यांस,

एलेउतेरियोचा लवून नमस्कार. तुमची तब्येत, तुमच्या गॅरेजची भरभराट आणि वहिनींचा गुडघा ही तिन्ही ठणठणीत असावीत अशी इच्छा आहे. (गुडघ्याबद्दलची इच्छा मनापासूनची. बाकी दोन्हींबद्दल पत्र संपेपर्यंत ठरवतो.) इकडे मी उभा आहे. उभ्यानंच लिहितोय, कारण बसता येत नाही, आणि ते का ते पुढे कळेलच. तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ, त्यातून माझ्या लेकीचे, यारेलीचे, बाप्तिस्म्यातले धर्मपिता, म्हणजे माझे कोंपाद्रे, आणि आपल्याकडे माणूस एकदा कोंपाद्रे झाला की त्याला अहो-जाहो केल्याशिवाय गत्यंतर नसतं. तेव्हा या पत्रात जे काही म्हणायचंय ते मी 'तुम्ही' घालूनच म्हणेन. त्यातला 'तू' तुम्हीच शोधून घ्या. अकरा वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत, म्हणून हा कागद.

तुम्हाला ठाऊकच आहे (तरी सांगतो, कारण तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवतं) की डिसेंबरात यारेली बाळंत झाली आणि तुमची बहीण दोमितिला तिचे चाळीस दिवस काढायला डोंगरापलीकडे तेपेहिल्कोला गेली. रीतच आहे, आईनं जायचंच. मी स्वतः बॅग बसस्टँडवर नेऊन दिली, कारण माझ्या गाडीत बसायला तिनं नकार दिला होता. चाळीस दिवस झाले, पन्नास झाले, आज त्रेसष्टावा आहे. निरोप एकच येतो. "त्या होडीत बसून मी परत यायची नाही." होडी म्हणजे माझी शहाण्णव सालची त्सुरू मोटार. गेली सहा वर्षं दोमितिला त्या घाटात सातव्या वळणाला शालीचं टोक तोंडाशी धरते आणि विसाव्याला पिशवी. एकूण वळणं एकशे चौदा. गाडी वळणावर एका अंगावर झुकते हे मलाही मान्य आहे, सव्वीस वर्षांच्या रबरांकडून आणखी काय अपेक्षा करणार. तेव्हा मी ठरवलं की होडीची गाडी करायची. बायको शेजारी बसवून घरी आणायची, एवढाच हेतू होता, कोंपाद्रे. मला शर्यत लावायची नव्हती. पन्नाशी उलटलेल्या माणसानं गाडीची उंची कमी करून घेतली की सगळ्या गल्लीला वाटतं त्याचं दुसरीकडे काहीतरी चाललंय, तेही मी सोसलं.

आता हे काम थोडक्या पैशात कसं करायचं हे मला भंगारवाल्या म्हाताऱ्या एउस्तोर्गियोनं नीट सांगितलं होतं. म्हातारा चाळीस वर्षं मेलेल्या गाड्यांची हाडं वेगळी करतोय, त्याला जिवंत गाड्यांचं दुखणं कळतं. तो म्हणाला, आधी झिजलेले रबरी बुश बदल, मग टायर बरे घाल, अलाइनमेंट करून घे, आणि दोन चाकांना जोडणारा तो आडवा दांडा एखाद्या जड गाडीचा जाडसर बसव. उंचीला हात लावू नकोस. दांडा त्यानंच काढून दिला, वर गंज घासायला कागद फुकट दिला. मी तो खांद्यावर टाकून थेट तुमच्याकडे आलो, कारण घरचा मेकॅनिक असताना बाहेर कशाला जा. (ही म्हण कुणी केली त्याला मेकॅनिक मेहुणा नसणार.) तुम्ही गाडीच्या पोटाखाली एकदा वाकून पाहिलंत, मी आणलेल्या बियरचं झाकण दातांनी उघडलंत आणि म्हणालात, "कोंपाद्रे, बुश-बिश म्हाताऱ्याचे चोचले. गाडी झुलते कारण ती उंच आहे. उंची कापा. प्रत्येक स्प्रिंगचे अडीच वेढे. मी माझ्या हातानं कापतो, तुमच्याकडून एक पेसो घेणार नाही." अडीच का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "दोन कमी पडतात, तीन जास्त होतात." बायबलात इतक्या खात्रीनं लिहिलेलं मी काही वाचलेलं नाही. ग्राइंडर फिरला, ठिणग्या उडाल्या, जाता जाता तो दांडाही तुम्ही बसवलात, आणि कापलेल्या तुकड्यांपैकी एक तुम्ही बिलं दाबून ठेवायला टेबलावर घेतलात. त्या तुकड्याकडे पाहून तुम्हाला माझी आठवण येत असेल अशी आशा आहे.

आता माझ्या दारचा स्पीडब्रेकर. तो तुम्हाला आठवेल, कारण त्याच्या सिमेंटमध्ये तुमच्या बुटाचा ठसा आहे. नऊ वर्षांपूर्वी दोमितिलानं दारात तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले सारणाचे उंडे, विकायला सुरुवात केली तेव्हा गाड्या सुसाट जायच्या, कुणी थांबेना. तिचं म्हणणं पडलं की गिऱ्हाइकाला पातेल्याची वाफ दिसायला वेळ मिळाला पाहिजे. मग मी आणि तुम्ही नगरपालिकेला न विचारता (आपल्या भागात विचारतो कोण) रात्रभर राबून तो बांधला. तुम्ही म्हणत होतात वीतभर पुरे, मी हौसेनं वर आणखी चार बोटं चढवली. बायकोसाठी केलेलं काम होतं ना. तर त्याच स्पीडब्रेकरवर, दोमितिलाला आणायला निघाल्यानंतर सहाव्या सेकंदाला, माझी गाडी पोटावर बसली. पुढची चाकं हवेत नव्हती, मागचीही नव्हती, पण चारींपैकी एकाचंही जमिनीशी पटत नव्हतं. पलीकडची शेजारीण दोन्या चायो खुर्ची घेऊनच बाहेर आली. तिनं "ये, ये, ये, अजून ये" असा हात केला, खण्णकन आवाज झाला, मग म्हणाली, "थांब." चौघांनी गाडी उचलून पलीकडे ठेवली. त्यावर चायो म्हणाली, "तेयो, बायकोनं बांधून घेतलेलं एवढंसं तुला अजून ओलांडता येईना होय रे." मी मान तुकवून गाडीत बसलो. तिच्याकडून मीठ आणावं लागतं अधूनमधून.

खरं सांगू का, कोंपाद्रे, घाटात गाडी सुंदर चालली. पहिली अकरा वळणं ती इतकी सपाट गेली की आरशाला टांगलेला यारेलीचा लहानपणीचा बूट हललासुद्धा नाही. (ते श्रेय जाड दांड्याचं, म्हणजे म्हाताऱ्याचं. तुमचं नव्हे.) माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून मी मोठ्यानं म्हणालो, "बघ, झुलते का?" त्यानंतर लास तिनाहास गाव लागलं. तिथे दर घरटी एक स्पीडब्रेकर आहे, कारण तिथे दर घरटी कुणीतरी काहीतरी विकतं. मी प्रत्येकावर गाडी आडवी घालून एकेक चाक चढवत होतो, दोन्ही बाजूंची वाहतूक अडवून. मागचे ट्रकवाले हॉर्नच्या पाच ठोक्यांत माझ्या आईचा उद्धार करत होते, आणि एक शेळी मला मागे टाकून गेली. मोकळा रस्ता आला तरी सुख नव्हतं. खड्डा दिसो न दिसो, तुमच्या अडीच वेढ्यांनी तो माझ्या माकडहाडाला मोजून कळवला. दीड तासाचा रस्ता, पोचलो साडेचार तासांनी.

दोमितिला दारात आली. कडेवर नात. गाडीकडे बघून विचारलं, "हिचे पाय कुणी तोडले?" मी तुमचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "दादानं सायकलही अशीच केली होती माझी." तरी बसली, नाही असं नाही. चौकाला एक फेरी मारू म्हणाली. फेरी पुरी व्हायच्या आत उतरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आधी होडी होती, आता खाटकाचा ओंडका झालाय. आणि गाडीचं काय घेऊन बसलास, तेयो. मी बोलायला तोंड उघडलं की तू गाडी जोरात हाणतोस. तीस वर्षं." (याचा सस्पेन्शनशी काही संबंध नाही, म्हणून सोडून देतो.) मी एकटाच परत आलो. येताना शॉकअप गेले, दोन्ही पुढचे, तेल गाळत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा, इलाज नाही म्हणून आज्ञाधारक,
एलेउतेरियो

ता. क. तुमच्या गॅरेजमागे एका त्सुरूचा सांगाडा पडलाय, त्याच्या चार स्प्रिंगा अख्ख्या आहेत. त्या काढून ठेवा. कापू नका. हात लावण्याआधी मला फोन करा.

ता. क. दुसरा. वर मी वळणांनी तिला मळमळतं असं लिहिलंय. काल दोन्या चायोनं सांगितलं की गुरुवारी, मी भंगारात असताना, दोमितिला बसनं आली होती. माझ्या गाडीहून जुनी बस, यारेलीहून लहान ड्रायव्हर. तामालेसचं मोठं पातेलं घेतलं, दुपारच्या बसनं परत गेली. बसची वाट बघताना शेंगदाणे खात होती म्हणे. जाऊन येऊन दोनशे अठ्ठावीस वळणं. मी चायोला दोनदा विचारलं, पिशवी होती का हातात. ती म्हणाली, पातेलं होतं.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं म्हणजे यासाठीच. रविवारी नातीचा बाप्तिस्मा आहे, तुम्ही पिकअप घेऊन जाणार आहात. मला न्या. मी मागे हौद्यात बसेन. परत येताना ती बसेल की नाही हे तुम्ही तिला विचारू नका, तुमच्याकडून कुठलीही गोष्ट सरळ होत नाही. मीच विचारेन, आणि ती बोलायला लागली की मला कुठे जाता येणार नाही, असं तुमच्या गॅरेजमधलं एखादं जड चाक हौद्यात माझ्या पायावर ठेवा. इकडे स्पीडब्रेकर आहे तसाच आहे. रोज सकाळी गाड्या त्याच्यापाशी हळू होतात, काच खाली येते, विचारतात, तामालेस हिरव्या मिरचीचे आहेत का मोले-रश्श्याचे. मी उभाच असतो दारात. उद्या या, म्हणून सांगतो.