पत्र्यावरचं तीर्थ

१४ जून, शुक्रवार
राजूरहून जालन्याला आलो. गणपतीच्या कृपेनं खोली पक्की मिळाली, मागं पत्र्याचं शेड. पायलच्या पप्पांना लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवायचं काम लागलं. क्रेनला आकड्याऐवजी भलं मोठं लोहचुंबक आहे, भंगाराचा ढीग एकदम उचलतं म्हणे. कारखाना गल्लीच्या टोकालाच, दुपारी घरी जेवता येईल. पायल उड्या मारून राह्यली. देव मांडले, गुळाचा खडा ठेवला. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, वाया का घालवायची, म्हणून लिहिते.

२५ जून, मंगळवार
अंगारकी. राजूरला जाणं झालं न्हाई. पाऊस बरा आहे, शेडच्या पन्हळीखाली पिंप लावलं. टँकरपेक्षा देवाचं पाणी चांगलं. त्यानंच पितळी गणपतीला अभिषेक केला. तीर्थ पायलला दिलं, उरलेलं मी घेतलं. शेजारच्या मैमूनाभाभी म्हणाल्या, पोरीला हे पाणी देऊ नका, कारखान्याच्या भट्टीचा धूर पत्र्यावर बसतो अन्‌ पावसात तोच उतरतो. मी म्हटलं, चौपदरी धोतरातून गाळते. त्या म्हणाल्या, मंग धोतर बघा एकदा.
काळं झालं होतं. वाळवून झटकलं तर चमकणारी भुकटी निघाली. भांडी छान निघतात तिनं.

९ जुलै, मंगळवार
पाऊस न्हाई, तरी खिडकीत काळा थर. सकाळी पुसा, दुपारी परत तेवढाच. पप्पांनी जुन्या स्पीकरचं चुंबक पायलला खेळायला आणलं. उंबऱ्यावरून फिरवलं की धूळ सुरवंटाच्या केसांसारखी उभी राहते. तिनं ते गणपतीला लावलं. चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत न्हाई, हे मी शाळेत शिकलेय. चिंचेनं घासला, परत लावलं. चिकटलंच.
देव जागृत झाला. आजपासून तीर्थ पळीभर जास्त.

२२ जुलै, सोमवार
चुंबक पायलच्या उजव्या तळहाताला चिकटलं, तीर्थ घ्यायच्या खळग्यात. ओढलं तर कातडी वर आली. दुखत न्हाई म्हणाली.
पिंप उपडं केलं. चुंबक नाल्यात टाकलं. तीर्थ बंद.

२८ जुलै, रविवार
कारखान्याला सुट्टी. पोरगी बरी, पप्पांच्या खांद्यावर बसून हिंडली. त्यांना सांगितलं. म्हणाले, उपास कमी कर, डोक्यात वारं शिरलंय तुझ्या.

२ ऑगस्ट, शुक्रवार
क्रेन सुरू झाली की पायल घास तोंडात धरून थांबते. तोंड कारखान्याकडं. मंग उठते, भिंतीपर्यंत चालते, कपाळ टेकून उभी राहते. क्रेन थांबली की परत येऊन जेवते.
पप्पा घरी असले की क्रेन बंद. त्यांना दिसणार कसं?

५ ऑगस्ट
रिमझिम. पायल अंगणात. पाऊस सगळीकडं सरळ. तिच्यापाशी वाकडा— तिच्याकडंच. अंगावर काळे केस उभे. सुरवंट.
मला रडू येत न्हाई.

६ ऑगस्ट
पायलला पातळानं खाटेला बांधलं. जड खाट आहे, हलायची न्हाई. भाभींना कारखान्यावर धाडलं, म्हटलं पप्पांना सांगा, आज क्रेन लावू नका.

लागली.

खाट सरकली— खाट लोखंडी, माझ्या ध्यानातच न्हाई आलं. दारात आडवी अडकली.

भाभी कारखान्याच्या फाटकापाशी ओरडून राह्यल्या. भंगाराच्या आवाजात पप्पांना काय ऐकू—

पातळ सुटलं. मनगट धरलंय तिचं. एका हातानं लिहिते. पायल हसून म्हणती, आई, तू बी चल—

तीर्थ मीही रोज—

पेन सरळ जाईना. हात माझा फाटकाकड