पाठ भिंतीला

५ नोव्हेंबर, काशीद

संघर्ष पळून गेला, पळून गेला. आईचं अजून तेच चाललंय म्हणे, आणि थोरला विवेकदादा तिला साथ देतो. आठवीतून शाळा सुटली तेव्हा कुणी अडवलं नाही. वाशिमला गवंड्याच्या हाताखाली विटा वाहिल्या तेव्हा कुणी विचारलं नाही. आता समुद्राकडे कामाला आलो तर पळाला? पळालेला माणूस बहिणीची फी भरतो का? प्राप्तीच्या नर्सिंगची फी वीस तारखेला मीच भरणार. बोललो ते बोललो.

असो. जागा मात्र झकास. सुरूच्या झाडांमागे नवा बंगला, सहा खोल्या, पलीकडे समुद्र. बुकिंगसाठी खोल्यांचे फोटो काढायचेत. स्टुडिओवाले शिवदासदादा म्हणाले, शुभम नावाचा एक जण काम अर्धं टाकून गेला, तू शीक आणि पहिल्या खोलीपासून पुरं कर. पैसे सगळ्या खोल्या झाल्या की एकदम. बंगला सांभाळायला तुळशीमावशी आहे. ती टॉवेल दुमडून त्यांचे हंस करते. आल्या आल्या मला बोंबील वाढले.

७ नोव्हेंबर

शिवदासदादांनी इथे येऊन लेन्स शिकवली. पुढची काच म्हशीच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. कोपऱ्यात घुसायचं, पाठ भिंतीला लावायची, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. जरा वाकला की फोटोत भिंती पडायला लागतात, म्हणून वर पाणसळीसारखा बुडबुडा आहे. ते मला गवंडीकामातून येतंच. दादा म्हणाले, चला, विटा वाहिल्याचा काहीतरी फायदा झाला.

ही लेन्स जवळचं लांब ढकलते, म्हणून एवढीशी खोली हॉलसारखी दिसते. कडेला माणूस आला तर रबरासारखा ताणतो. आणि समोरचं सगळं घेते, काही सोडत नाही. तेव्हा स्वतःचे पाय सांभाळ, म्हणाले.

९ नोव्हेंबर

पहिली खोली झाली. फोटो पाठवला, तर दादांचा स्टुडिओतून फोन आला. गिऱ्हाइकानं खोली बघायची की तुझी टाच? फोटोच्या कडेला खरंच एक पाऊल होतं, अनवाणी, ताणून हातभर झालेलं. मी चूक कबूल केली. दादांनी ते पुसून टाकलं.

जेवताना आठवलं. माझ्या पायात बूट होते.

१२ नोव्हेंबर

आज तिसरी खोली. फोटोत खिडकीच्या चौकटीत एक माणूस दिसला. लांब, अंगणात उभा असावा. कमरेखालचा पलंगाआड गेलेला. मी मावशीला विचारलं, अंगणात कोण आलं होतं? म्हणाली फाटकाला कुलूप आहे, चावी माझ्या कमरेला.

मग मला पायरीखाली घेऊन गेली. तिथे पुरुषी चपला होत्या, पट्ट्यावर बुरशी चढलेली. शुभमच्या.

“काम टाकून गेला म्हनतात. चपला तर इथंच हायत. मानूस अनवानी जाईल व्हय?”

दादांना विचारलं तर हसले. म्हणाले, तू खोल्या मोज, चपला नको.

१४ नोव्हेंबर

राहवेना. कॅमेरा त्याच कोपऱ्यात लावला आणि मावशीला अंगणात उभं केलं. फोटोत ती मोहरीएवढी आली. झाडाजवळून खिडकीशी बोलावलं. तरी लहानच. मग खोलीत घेतलं, पलंगाच्या पलीकडे.

तेव्हा बरोबर त्याच्याएवढी दिसली.

म्हणजे तो अंगणात नव्हताच. खोलीत होता. पलंगापलीकडे. आणि मी इकडे भिंतीला पाठ लावून बुडबुडा बघत होतो.

मावशी म्हणाली, तोंड का असं झालंय तुझं. संध्याकाळी ती तिच्या लेकीकडे म्हसळ्याला गेली. मलाही चल म्हणाली होती.

१६ नोव्हेंबर

चौथी खोली. आता तो पलंगाच्या अलीकडे. डोळ्यांनी बघावं तर खोली रिकामी. फोटोत उभा.

दादांना म्हटलं मी जातो. म्हणाले जा, पण एका पैशाची आशा ठेवू नको. प्राप्तीचा फोन आला होता. गणवेशाचं पांढरं कापड घेतलंय तिनं. आई पहिल्यांदाच म्हणाली, संघर्षनं नाव काढलं.

राहिलो.

१८ नोव्हेंबर

पाचवी. मधोमध आहे. आता ताणलेला नाही, साधा माणूस. माझ्याच वयाचा. डोळे मिटलेले. एक हात पुढे — बोटं फोटोत केवढी मोठी —

दादा म्हणाले, फोटो छान, कुणीच नाही त्यात. मग पाऊल कसं दिसलं होतं त्यांना?

२० नोव्हेंबर, दुपार

शेवटची खोली. फोटो स्वच्छ. कोपरान् कोपरा बघितला, तो कुठेच नाही. मी एकटाच हसलो. इथूनच पाठवले. दादा खूश. पैसे आले.

मग ध्यानात आलं. ही लेन्स समोरचं सगळं घेते.

मागचं घेत नाही.

मी अजून कोपऱ्यातच आहे. बसून लिहितोय. दार समोर, उघडं, ऊन आत आलंय. पण उठलो की पाठ उघडी पडते. भिंत मघाशी गार होती. आता गार नाही. आणि ती — हळूहळू — श्वास —

आधी प्राप्तीचं. आजचीच तारीख आहे. गाडीभाडं ठेवत नाही, लागणार नाही. जेवढे आले तेवढे सगळे. प्राप्ती, आईला सांग, पळालो नाही. पाठवतोय — अठरा हजार चारशे —