काढलेल्या उंबऱ्याला अडखळलो त्याची हकिकत

तीर्थरूप दादा यास,

धाकट्याचा नमस्कार. वाकूनच केला आहे, पण कमरेतून नव्हे. गुडघे दुमडून, पाठ ताठ ठेवून, दोन्ही पाय नीट रोवून केला आहे, कारण हल्ली आपल्या कारखान्यात दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने वाकायला बंदी आहे. वहिनींनाही तसाच सांग. तुझ्या कमरेची इथे रोज चौकशी होते. (पॉलिशवाला करतो, करवतवाला करतो, मालकही करतात, पण ते आधी मालाची करतात आणि मग कमरेची.) लेकीकडे तुझं उत्तम चाललंय, जावई पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात असं वहिनी म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं, कारण बसल्या जागी पेला घेणारा तू माणूस नव्हेस. फोनवर तू नुसतं ‘बरं आहे’ म्हणतोस आणि फोन वहिनींच्या हातात देतोस, म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र कोणाच्या हातात देता येत नाही. (देशीलही म्हणा. वहिनी, वाचत असाल तर त्यांना परत द्या.)

तर तुझ्या दुखण्याने मालकांचे डोळे उघडले. उभ्या जन्मात आपण दोघांनी चार दारांची कपाटं वाहिली, दगडी माथ्याची टेबलं वाहिली, तुला कधी उसण भरली नाही. आणि सरसाचा एक डबा जमिनीवरून उचलताना तू जो वाकलास तो वाकलेलाच राहिलास. हत्ती गेला आणि शेपटाशी अडलं. मालकांनी लगेच एक सुरक्षावाल्या बाई आणल्या. वयाने तुझ्या थोरलीएवढ्या, गळ्यात शिट्टी. पहिल्या दिवशी आल्या त्या थेट त्या स्टुलावर बसल्या. कुठल्या ते तुला सांगायला नको. (आपल्यात तो पाय सुटलेला आहे हे कोणाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत, म्हणून तर कोणी दुरुस्त केला नव्हता.) बाई उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, इथे धोका कुठे आहे ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, हाच मोठा धोका आहे. मला तेव्हा राग आला. आता येत नाही.

मग जे सुरू झालं ते विचारू नकोस. जमिनीवरच्या वायरी भिंतीवर चढल्या. ढलप्या आणि भुसा रोज संध्याकाळी भरून बाहेर जाऊ लागला. करवतीच्या पात्यावर झाकण बसलं, आणि करवतवाल्याच्या कानांवरही. त्याला ती कानझाकणं इतकी मानवली की तो घरीसुद्धा घालतो, आणि त्याची बायको बाईंना जाब विचारायला इथवर आली होती. पॉलिशवाल्याला तोंडावर जाळी, हातात मोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा. सरळ सांगायचं तर पहिले काही दिवस मी कोणातरी परक्या माणसाला नमस्कार करत होतो. आणि कापणीच्या दालनातून पॉलिशच्या खोलीत जाताना मधे जो उंबरा होता, ज्याने आपल्या निम्म्या लोकांची नखं खाल्ली, तो बाईंनी काढून टाकला. जमीन एकसारखी केली. तू पाहिलंस तर ओळखणार नाहीस.

माझ्या जोडीला मालकांनी नवा माणूस दिला. आम्ही त्याला मौनीबुवा म्हणतो. ताकद बैलाची, स्वभाव गाईचा, आणि तोंड देवाने बहुतेक जेवण्यापुरतंच दिलेलं. दादा, तुला आठवत असेल, कपाटाचं पुढचं टोक माझं आणि मागचं तुझं. मी उलटा चालायचो आणि तू बोलायचास. ‘उंबरा आला. धाकटीला स्थळ सांगून आलंय. पाय उचल. मुलगा बरा आहे. डावीकडे घे, टेबलाचा कोपरा आहे. पण त्यांना घाई आहे. आता ओलं आहे, जपून.’ आपल्या घरातली सगळी लग्नं, आजारपणं, भांडणं मी अशी उलट्या पायाने ऐकली. आईचं दुखणं वाढल्याचंही तू कपाट खाली ठेवल्यावर नाही सांगितलंस. दोघांचे हात गुंतलेले असतानाच सांगितलंस, म्हणजे मला कुठे पळता येऊ नये. मौनीबुवा दुसऱ्या टोकाला असले की मला पुढे कपाट दिसतं, कपाटामागे माणूस आहे असा विश्वास ठेवावा लागतो, आणि माझ्या पाठीमागचं सगळं जग सामसूम असतं.

म्हणून मी काय केलं, तर तुझं बोलणं मीच बोलू लागलो. हळू आवाजात, तुझ्याच ढंगात. ‘डावीकडे घे. आता सरळ.’ बरं चाललं होतं. मागच्या आठवड्यात आरशाचं मोठं कपाट न्यायचं होतं. मी उलटा निघालो, कोपरा ओलांडला, आणि तुझ्या आवाजात स्वतःला बजावलं, ‘उंबरा आला, पाय उचल.’ उचलला. चांगला उंच उचलला. आणि जिथे उंबरा असायला हवा होता तिथे काहीच नव्हतं. पाय हवेतून खाली आला तो वाकडा, आणि मी भुशाच्या पोत्यांवर उताणा. कपाट मौनीबुवांनी एकट्याने पेललं, आणि त्या दिवशी त्यांचा पहिला शब्द ऐकू आला. तो ‘अरेरे’ होता.

बाई धावत आल्या. घोटा दाबून पाहिला, बर्फ लावला, पाय उंचावर ठेवला आणि मग विचारलं, काका, अडखळलात कशाला? मी म्हटलं, उंबऱ्याला. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी आजवर धोका असल्यामुळे पडलेले पुष्कळ पाहिले असतील, धोका काढल्यामुळे पडलेला मीच पहिला. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. माझं कपाटामागचं पुटपुटणं त्यांनी ऐकलं असावं; एवढंच विचारलं, “तुमच्याशी बोलायचं ते कोण होतं?” दादा, डोळ्यांत पाणी आलं, ते मी घोट्याच्या दुखण्यावर ढकललं आणि डोळे पुसले.

बाकी इकडे सगळं क्षेम आहे. घोट्याची सूज उतरली. मौनीबुवांशी आता छान जमतं. तू कशाचीही काळजी करू नकोस, आराम कर, इकडे यायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंनी त्या दिवसापासून नियम केला आहे. मोठी वस्तू हलवताना दोघं उचलणारे आणि तिसरा न उचलणारा. तिसऱ्याने पुढे चालायचं, वाट बघायची आणि मोठ्याने बोलायचं. हात रिकामे, कमरेला काम नाही. मध्ये बसायला खुर्ची. (चारी पाय मी स्वतः बसवले आहेत.)

दुसरा ता. क. त्या जागेवर माणूस मिळाला नाही तर मालक भोंगा लावणार आहेत. आमचा एक माणूस आहे असं मी सांगून बसलोय. निघताना तू जिन्यात ‘आता मी कोणाच्या काय कामाचा’ म्हणाला होतास. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. हे उत्तर समज.

तिसरा ता. क. मौनीबुवांशी जमतं हे खोटं. पडल्यापासून मी एकही कपाट उचललेलं नाही. मालकांना कंबर धरली म्हणून सांगितलंय, आणि त्यांना खरं वाटलं, कारण आपल्या घराण्यात ते आहेच. कंबर ठणठणीत आहे. मला फक्त उलटं चालायची भीती वाटते रे. ये.